अंगठा आजींचा, पैसे कुणाचे?

वृद्धाश्रमातल्या चोरीत कुलूप फुटत नाही. पासबुक, एटीएम कार्ड, पिन, सगळं एका भरवशाच्या ताईकडे असतं. तीच भरवते, तीच अंघोळ घालते, तीच पैसे काढून आणते. पाच हजार काढून तीन हातात ठेवले, तरी आजी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? रात्री कूस बदलायला तीच येणार असते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावात म्हातारपण बहुधा घरीच जातं, पण परावलंबन तेच. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये खात्यात येतात आणि आधारवर अंगठा लावून निघतात. ‘उमटला नाही, परत लावा’ म्हणत अंगठा दोनदा घेतला, पैसे मात्र एकदाच दिले, तर कळणार कसं? बँकेचा मेसेज जातो तो मोबाइल तरी आजोबांकडे असतो का?

इंग्लंडमध्ये १९९८ साली डॉ. हॅरॉल्ड शिपमनने कॅथलीन ग्रंडी या वृद्ध रुग्णाचा खून केला आणि तिचं बनावट मृत्युपत्र पुढे आलं. बिंग फुटलं ते तिची मुलगी वकील होती म्हणून. सगळ्या आजींना अशी मुलगी कुठून मिळणार?

म्हणून नियम माहीत हवेत. आजारपणामुळे सही न करू शकणाऱ्या खातेदाराचा अंगठा बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यावा लागतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ‘आजींनीच सांगितलंय’ एवढं पुरत नाही. सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकसेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलं आहे. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही, हा भाग वेगळा.

घर-जमीन सांभाळण्याच्या बोलीवर दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ तो व्यवहार रद्द करू शकतं. मात्र ती बोली कागदावर उतरवून घ्या. नुसत्या शब्दावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागतं.

संस्थाचालक कर्मचाऱ्यांच्या चारित्र्याचे दाखले मागतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की सेवा करणारा आणि पैसे काढणारा एकच माणूस नसावा. भेटायला जाल तेव्हा पासबुक भरून आणा आणि आजींसमोरच वाचा. संशय आला तर ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, १४५६७.