पाटीलचा, पाटलाचा की पाटलांचा?

आजचा भाग आडनावांबद्दल.

आधी इंग्रजी उरकून टाकू. घरात पाटील राहतात एवढंच पाटीवर सांगायचंय? मग 'पाटील'ला नुसता एस लावा, अ‍ॅपॉस्ट्रॉफी नको. एका पाटलाची वस्तू असेल तर अ‍ॅपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, अख्ख्या कुटुंबाची असेल तर एसच्या नंतर. झालं.

मराठीत हे काम एक टिंब करतं, आणि जास्तीचं कामही करतं. 'पाटलाची होडी' म्हणजे एका पाटलाची, तीही एकेरीत. 'पाटलांची होडी' म्हणजे चार भावांची, किंवा एकाच वडीलधाऱ्या पाटलांची. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत आदरार्थी बहुवचनालाही हा अनुस्वार सांगितलाय. म्हणजे मालक एक की अनेक, ते इंग्रजीत कळतं. मराठीत मान कळतो. मोजणी महत्त्वाची असेल तर सरळ 'पाटील कुटुंबाची' लिहा.

झाईचं बघा. आपल्या किनाऱ्यावरचं उत्तरेचं शेवटचं गाव, पुढे गुजरात. तांडेल आडनाव दोन्हीकडे. गुजरातीत 'तांडेलनुं घर' चालतं. आडनाव तसंच राहतं, मान द्यायला 'भाई' जोडतात. मराठीत मान प्रत्ययातच बसलाय: 'तांडेलांचं घर'. 'तांडेलचं घर' म्हटलं की वर्गमित्राचं वाटतं. म्हाताऱ्या तांडेलकाकांच्या पत्रिकेवर तसं छापून बघा!

आणि इथे आम्ही सॉफ्टवेअरवाले माती खातो. आडनाव घ्या, पुढे 'चे' चिकटवा, की 'कुलकर्णीचे' तयार. 'ंचे' चिकटवूनही भागत नाही, कारण आडनावच आतून बदलतं: पाटलांचे, कुलकर्ण्यांचे, सावरकरांचे, गोखल्यांचे. ('गोखलेंचे' आता सर्रास चालतं. मला 'गोखल्यांचे'च गोड वाटतं.) आपल्याच जिल्ह्यातल्या वसईचे फादर दिब्रिटो घ्या. त्यांच्या आडनावात इंग्रजीत मुळातच अ‍ॅपॉस्ट्रॉफी आहे. मराठीत तो गळतो आणि 'दिब्रिटोंचं' होतं.

प्रत्येक आडनावाचा नियम कोडमध्ये लिहीत बसू नका. जुन्या पत्रिकांमध्ये तोडगा तयार आहे: 'श्री. कुलकर्णी यांचे'. आडनावाला हातही लागत नाही आणि टिंब 'यांचे'वर शाबूत राहतं. फॉर्म, पावत्या, मेसेज, सगळीकडे हेच वापरा.