विजया : परसात की परवान्यात?

शार्ङ्गधरसंहितेतील जातीफलादि चूर्णात इतर सर्व औषधींच्या एकत्रित वजनाइतकी भांग सांगितली आहे. ती वगळली, तर ग्रहणीवरील हे चूर्ण नावापुरतेच उरते. म्हणूनच अमरावती-अकोल्याच्या आम्हां वैद्यांचे व फार्मसीचालकांचे लक्ष कायद्यातील बदलांकडे लागले आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्यात येत नाहीत. तथापि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. शिवाय झाड परसातले एकच असले, तरी विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मात्र १९८५ च्याच कायद्याचे कलम १० लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार राज्यांना देते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेला तशी वाट करून दिली.

घरोघरी लागवडीची मागणी आम्हांस मान्य नाही; शोधन व मात्रा यांवाचून विजया उपविषच आहे. मोजक्या शेतकऱ्यांना परवाने, पाने केवळ परवानाधारक फार्मसींना आणि प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी, एवढेच शासनाने करावे. वैद्यबंधूंनी आपली निवेदने याच मुद्द्यांवर एकमुखाने द्यावीत, ही विनंती.