गृहस्थाचा योग : चिकित्सकाच्या दृष्टीने एक विचार

योगाचे अंतिम प्रयोजन मोक्ष होय, असे शास्त्र सांगते. मात्र आपल्या चिकित्सालयात योगाविषयी विचारणा करणारा रुग्ण बहुधा मोक्षासाठी येत नाही. त्यास कटिशूल असतो, मधुमेह असतो, निद्रानाश असतो. घरी वृद्ध आईवडील आणि शिकणारी मुले असतात. अशा रुग्णास कोणता योग सांगावा, हा आपल्या दैनंदिन व्यवसायातील प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात एका योगशिक्षकाच्या कार्याच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

शूलिभंजनाची परंपरा

खुलताबादजवळील शूलिभंजनाच्या डोंगरावर दत्तमंदिर आहे. संत एकनाथांनी (१५३३–१५९९) येथे अनुष्ठान केले, अशी परंपरा आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी जवळच्याच देवगिरीचे किल्लेदार होते. राज्यकारभार सांभाळून ते साधना करीत. अनुष्ठानानंतर नाथही डोंगरावर राहिले नाहीत. तीर्थयात्रा करून ते पैठणास परतले, गुरूंच्या आज्ञेने त्यांनी गिरिजाबाईंशी विवाह केला आणि पुढील आयुष्य संसार, अन्नदान व ग्रंथरचना यांत व्यतीत केले. साधना ही प्रपंच सोडण्यासाठीच असते असे नाही, प्रपंच नीट करण्यासाठीही ती असते, हा विचार या भूमीस नवा नाही. विसाव्या शतकात मुंबईत श्री योगेंद्र यांनी तोच विचार आरोग्याच्या भाषेत मांडला.

श्री योगेंद्र यांची भूमिका

श्री योगेंद्र (मूळ नाव मणिभाई देसाई) यांचा जन्म १८९७ साली गुजरातेत झाला. मुंबईत महाविद्यालयीन शिक्षण घेत असता त्यांना नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांचा सहवास लाभला. त्या आश्रमात रुग्णांवर यौगिक उपचार होत. पुढे २५ डिसेंबर १९१८ रोजी योगेंद्रांनी वर्सोवा येथे योग इन्स्टिट्यूटची स्थापना केली. ही संस्था आज सांताक्रूझ येथे कार्यरत आहे. १९२७ साली त्यांनी सीतादेवींशी विवाह केला. सीतादेवींनी स्त्रियांसाठी योगविषयक पुस्तक लिहिले, ते १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले.

माधवदासजींचे दुसरे विख्यात शिष्य म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक (१९२४) स्वामी कुवलयानंद. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. एकाच गुरूंच्या दोन शिष्यांपैकी एकाने ब्रह्मचर्याश्रम पत्करला, दुसऱ्याने गृहस्थाश्रम; तथापि दोघांनीही योग रुग्णसेवेस लावला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

योगेंद्रांनी सिद्धी व चमत्कार यांना महत्त्व दिले नाही. आसने व प्राणायाम त्यांनी गृहस्थास झेपतील असे सुलभ केले. त्यांच्या संस्थेच्या शिकवणीत धर्म, ज्ञान, वैराग्य व ऐश्वर्य या सांख्योक्त चार भावांना विशेष स्थान आहे. त्यांत धर्म म्हणजे प्रथमतः आपले कर्तव्य. वैराग्याचा अर्थही घरदार सोडणे असा नसून आसक्तीवाचून वस्तुस्थिती पाहणे असा घेतला जातो.

आयुर्वेदाची संमती

ही भूमिका आपल्या संहितांशी सुसंगत आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या, त्यांत प्राणैषणेस प्रथम स्थान दिले. कारण प्राण गेल्यास सर्वच जाते. चिकित्सास्थानाचा प्रारंभ रसायन आणि वाजीकरण या अध्यायांनी होतो, ज्वराचा विचार त्यानंतर येतो. त्याच रसायनाध्यायात आचाररसायन सांगताना मद्य व मैथुन यांपासून निवृत्तीचाही उल्लेख आहे, हे खरे. परंतु लगेच पुढचा अध्याय वाजीकरणाचा आहे. निवृत्ती आणि प्रवृत्ती या दोहोंस शास्त्रात जागा आहे. कोणास काय द्यावे, हे अधिकारभेदाने ठरते.

उपस्तंभांविषयी चरकाचार्य आहार, निद्रा व ब्रह्मचर्य असे म्हणतात, तर वाग्भटाचार्य अष्टांगहृदयात तिसऱ्या स्थानी अब्रह्मचर्य सांगून तिन्ही युक्तीने योजावेत असा निर्देश करतात. गृहस्थाचे नियमित कामजीवन हेही शरीरधारणेचे अंग मानले गेले आहे.

मोक्ष यात नाकारलेला नाही. शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात योग व मोक्ष यांचे विवेचन आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा.

व्यवहारातील सूचना

हा क्रम उलटला की रुग्णास अपाय होतो. योगाभ्यासास आरंभ करताच काही रुग्ण औषध सोडतात, दीर्घ उपवास करतात, जोडीदाराशी अबोला धरतात आणि त्यालाच प्रगती समजतात. म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

१. योग सांगण्यापूर्वी रुग्णाचा दिनक्रम, व्यवसाय व कौटुंबिक जबाबदाऱ्या विचाराव्यात. पहाटे कामावर जाणाऱ्यास दोन तासांची साधना सांगणे व्यर्थ आहे.

२. इन्सुलिन वा तत्सम औषध घेणाऱ्या मधुमेहीस उपवासापासून परावृत्त करावे. रक्तशर्करा घटून जीवितास धोका संभवतो.

३. उच्च रक्तदाब वा काचबिंदू असल्यास शीर्षासन टाळावे. रक्तदाबाच्या रुग्णास दीर्घ कुंभकही सांगू नये.

४. वेगधारण म्हणजे संयम, हा गैरसमज दूर करावा. चरकाचार्यांनी मलमूत्र, क्षुधा, निद्रा इत्यादी शारीर वेग धारण करू नयेत, तर लोभ, क्रोध, ईर्ष्या हे मानस वेग आवरावेत असे सांगितले आहे.

५. औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनीही, नेहमीचा रुग्ण औषध नेण्यास येईनासा झाल्यास त्याची चौकशी करावी व त्यास वैद्याकडे पाठवावे. हे बहुधा त्यांच्याच लक्षात प्रथम येते.

योगाभ्यासाने रुग्णास लाभ झाला की नाही हे पाहताना आसन किती वेळ टिकते एवढेच विचारू नये. त्याची भूक, झोप, कामातील उत्साह आणि घरच्यांशी वागणूक सुधारली का, हे प्रत्येक भेटीत विचारून रुग्णपत्रावर नोंदवावे, अशी सर्व वैद्यांस विनंती आहे.