सगळे म्हणतात म्हणून? : समूहाचा दबाव आणि स्वतंत्र विचार

जबलपूरच्या माझ्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. दोन्ही टोकांना साधा आधार आणि सर्वत्र सारखा भार असलेल्या बीममध्ये बेंडिंग मोमेंट सर्वांत जास्त कुठे असतो? पुढच्या बाकावरून कोणी ठामपणे "आधारापाशी" म्हटले, की मागचे बरेच जण माना डोलावतात. खरे तर तिथे तो शून्य असतो. सर्वांत जास्त असतो मध्यभागी. वह्या पाहिल्या तर माना डोलावणाऱ्यांपैकी काहींनी गणित बरोबर सोडवलेले असते! मग ते गप्प का राहिले?

अ‍ॅश यांचा प्रयोग

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिलेल्या रेषेइतकीच लांब रेषा तीनपैकी कोणती, एवढेच सांगायचे होते. गटातला एकच विद्यार्थी खरा होता. बाकीचे ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या विद्यार्थ्यांची सुमारे ३७ टक्के उत्तरे गटासारखीच चुकली. एकट्याने उत्तर देताना मात्र चूक जवळजवळ होत नव्हती.

याची कारणे दोन. पहिले, "इतक्या जणांना दिसते ते मला का दिसत नाही?" ही शंका. दुसरे, वेगळे पडण्याची भीती.

आता महत्त्वाचे पाहा. गटात बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती असला, तरी हे प्रमाण ५-६ टक्क्यांवर आले. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले, तेव्हाही ते बरेच घटले.

आपल्याकडचे उदाहरण

र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हे काम की नोकरी, असा प्रश्न आला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंडही झाला. पण मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनापर्यंत, चालू राहिले.

यातून काय घ्यायचे?

सर्वांच्या विरुद्ध बोलणे म्हणजे आपोआप बरोबर असणे नव्हे. आधी समीकरण तपासा. चर्चेपूर्वी स्वतःचे उत्तर लिहून ठेवा. ते पटत असेल तर बोला. आणि दुसरा कोणी एकटा बरोबर बोलत असेल, तर त्याच्या बाजूने हात वर करा. तो दुसरा हात फार मोलाचा असतो.

स्वाध्याय: उत्तर माहीत असूनही तुम्ही गप्प राहिलात असा एक प्रसंग आठवा. वरील दोनपैकी कोणते कारण तिथे लागू होते, ते चार ओळींत लिहा.