डबलसीट जगप्रवास आणि घरचे भिडू

ग्रँट आणि सुझन जॉन्सन हे कॅनडातलं जोडपं १९८७ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या एकाच मोटरसायकलवर डबलसीट जगाच्या सफरीला निघालं. थांबत, पुन्हा निघत त्यांचा प्रवास १९९८ पर्यंत चालला. दरम्यान १९९७ मध्ये त्यांनी ‘होरायझन्स अनलिमिटेड’ सुरू केलं. कुठली सीमा उघडी आहे, कुठल्या गावात चांगला मेकॅनिक भेटतो, कुठल्या बंदरावर गाडी अडकते, ही माहिती मोटरसायकलवाले एकमेकांना देऊ लागले. २००३ मध्ये सायमन आणि लिसा थॉमस हे ब्रिटिश जोडपं दोन स्वतंत्र गाड्यांवर निघालं. ॲमेझॉनच्या जंगलात सायमनच्या मानेचं हाड मोडलं. तो बरा झाला आणि दोघं पुढे निघाले.

अशा जोडप्यांचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. पण इतका लांबचा प्रवास रस्त्यावरच्या दोघांच्याच जोरावर होत नाही. घरी बसलेले चार मित्र काय करतात, यावरही तो बराच अवलंबून असतो. त्यांनी नुसतं कौतुक करत राहायचं की कामाला लागायचं, एवढाच प्रश्न आहे.

पत्रापासून ठिपक्यापर्यंत

टेड सायमन १९७३ मध्ये लंडनहून ट्रायम्फ मोटरसायकलवर एकटाच निघाला आणि चार वर्षं जग फिरला. त्या काळात घरच्यांशी संपर्क ठेवायचा तर ‘पोस्ट रेस्टांट’चा आधार असे. पाकिटावर प्रवाशाचं नाव आणि पुढच्या मोठ्या शहरातलं मुख्य टपाल कार्यालय, एवढाच पत्ता. पासपोर्ट दाखवून पत्र घ्यायचं. अमेरिकन एक्सप्रेसची कार्यालयंही आपल्या ग्राहकांची पत्रं सांभाळून ठेवत. घरच्यांच्या हाती पत्र पडेपर्यंत प्रवासी दोन देश पुढे गेलेला असे. फार निकड असली तर तार. आपल्याकडे ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मग सायबर कॅफे आले, पाठोपाठ मोबाइल आले. २००७ च्या सुमारास ‘स्पॉट’सारखी उपग्रहाशी थेट बोलणारी छोटी यंत्रं बाजारात आली. मोबाइलचा टॉवर नसेल तिथूनही ती ठरावीक मिनिटांनी आपला ठावठिकाणा कळवतात. अशी काही यंत्रं ज्यांच्यावर चालतात ते इरिडियम कंपनीचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ध्रुवांसकट सगळी पृथ्वी त्यांच्या टप्प्यात येते. त्यामुळे घरच्यांना नकाशावर सरकणारा ठिपका दिसतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. भारतात अशी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात विमानतळावर याच कारणावरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली. परदेशातून हौसेने आणलेलं यंत्र मायदेशी उतरल्यावर महागात पडू शकतं.

एक गाडी की दोन?

जॉन्सन दांपत्य एका गाडीवर गेलं, थॉमस दांपत्य दोन गाड्यांवर. दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत. एकच गाडी असली की पेट्रोल, जहाजाचं भाडं, सीमेवरची कागदपत्रं, सगळं एकदाच. मागे बसणाऱ्याला नकाशा पाहता येतो, फोटो काढता येतात, चालवणाऱ्याला डुलकी लागत नाही ना यावर लक्ष ठेवता येतं. पण दोन माणसं, तंबू, स्टोव्ह आणि दोन ऋतूंचे कपडे एका गाडीवर लादले की ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. मागचं सस्पेन्शन बसतं आणि मागचा टायर लवकर झिजतो. वाळूत किंवा चिखलात मागच्या माणसाला उतरून चालावंच लागतं.

दोन गाड्या असल्या तर खर्च जवळजवळ दुप्पट. मात्र एक बंद पडली किंवा एकाला लागलं, तर दुसऱ्याला मदत आणायला जाता येतं. निर्मनुष्य प्रदेशात या सोयीचं मोल फार मोठं असतं. ताजिकिस्तानातला पामीर महामार्ग अक-बैताल खिंडीत ४,६५५ मीटरवर चढतो. हवा विरळ असल्याने कार्ब्युरेटरची गाडी तिथे दम टाकते, माणसाचंही डोकं दुखतं. मध्य आशियातल्या पंपांवर ८०, ९२, ९५ असे पेट्रोलचे आकडे असतात. आडगावात बहुतेक वेळा खालचाच आकडा मिळतो.

कार्नेची पानं

स्वतःची गाडी परक्या देशात नेणाऱ्याला ‘कार्ने द पासाज’ हे पुस्तक माहीत हवं. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, परत बाहेर नेली जाईल, याची ती हमी असते. आपल्याकडे ते ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’सारख्या संस्था अनामत किंवा बँक हमी घेऊन देतात. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग तिथलं सीमाशुल्क खातं घेतं, बाहेर पडताना दुसरा घेतं आणि उरलेल्या स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के उमटतात.

बाहेर पडतानाचा शिक्का राहिला की कागदोपत्री गाडी त्याच देशात राहते आणि आयातशुल्काची मागणी शेवटी अनामतीवर येते. रात्री उशिरा, पावसात, थकलेल्या अवस्थेत सीमा ओलांडताना ही चूक सहज होते. म्हणून प्रत्येक सीमेवर शिक्का मारलेल्या पानाचा फोटो घरी पाठवावा आणि घरच्या मित्राने तो नीट तपासावा. पुस्तकाची मुदत साधारण वर्षभराची असते. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही एक वर्षच चालतो. शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. या तारखांचं कॅलेंडर घरच्या भिंतीवर लागलं, तर ते रोज कुणाच्या तरी नजरेखालून जातं.

भारतातून निघायचं तर

आपली भूमी आशियाशी सलग जोडलेली असली तरी मोटरसायकलसाठी वाटा थोड्याच आहेत. अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. मणिपूरमधल्या मोरेतून म्यानमारला जाणारा रस्ता २०१८ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला होता, पण कोविड आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तोही मिटला. नेपाळमार्गे तिबेट गाठायचं तर चीनमध्ये स्थानिक मार्गदर्शक आणि आगाऊ परवानग्या लागतात. त्यात जुलै २०२५ च्या पुरात नेपाळ-तिबेट सीमेवरच्या रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला. त्यामुळे अनेकांना गाडी पेटीत बंद करून, पेट्रोल काढून, बॅटरीची वायर सोडवून जहाजाने पाठवावी लागते.

रस्ता तुटण्याचा अनुभव अमेरिका खंडातही येतो. पॅन-अमेरिकन महामार्ग पनामा आणि कोलंबिया यांच्यामधल्या दारियेनच्या जंगलात सुमारे शंभर किलोमीटर नाहीसा होतो. तिथे गाडी विमानाने किंवा बोटीने पलीकडे न्यावी लागते.

ठिपका थांबला तर

घरचे सर्वांत जास्त घाबरतात ते ठिपका थांबल्यावर. बहुतेक वेळा कारण साधं असतं : बॅटरी संपली, खोल दरीत आकाश झाकलं गेलं, पाहुणचार लांबला. म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी लिहून ठरवाव्यात. किती तास निरोप आला नाही तर फोन सुरू करायचे, आधी कुणाला करायचे आणि निर्णय कोण घेणार. निर्णय घेणारा एकच असावा. नाहीतर पाच मित्र पाच दूतावासांना फोन करतात आणि आई-वडिलांना बातमी सहाव्याकडूनच कळते. वेळेतला फरकही कागदावर असावा. नेपाळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे, उझबेकिस्तान अर्धा तास मागे आणि अर्जेंटिनातलं उशुआया साडेआठ तास मागे.

मुक्कामाचं ठिकाण सगळ्यांना दिसेल असं त्याच दिवशी जाहीर करू नये. फोटो एक-दोन दिवस उशिराने टाकले तरी कौतुक कमी होत नाही. ‘आज काहीच टाकलं नाही?’ असं विचारणारे मित्र नकळत थकलेल्या माणसाला रात्री जागायला लावतात.

बाकी कामं साधी आहेत, पण कुणीतरी करावी लागतात. बँकेचा ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून ते सिम चालू राहिलं पाहिजे. सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल, गाडीच्या विम्याचं नूतनीकरण पाहावं लागतं. क्लच केबल किंवा चेन-स्प्रॉकेट परदेशी कुरियरने पाठवायचं, तर पावती आणि सीमाशुल्काची कागदपत्रं नीट भरावी लागतात.

तुमच्या ओळखीतलं एखादं जोडपं या हिवाळ्यात निघणार असेल, तर हार-नारळ घेऊन जाच. पण त्याआधी त्यांच्याकडून पासपोर्ट, परवाना, विमा आणि कार्नेच्या प्रती मागून घ्या, रक्तगट लिहून घ्या, आणि कुठलं काम कोणी करायचं ते त्यांच्यासमोरच वाटून घ्या.