परकीय सैनिकाचा गुन्हा, सोमाली नागरिकाचा न्याय : जबलपूरपर्यंत पोहोचणारा एक जुना प्रश्न

जबलपूर : ‘संस्कारधानी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जबलपूरची दुसरी ओळख लष्करी शहर अशी आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू अँड काश्मीर रायफल्स या रेजिमेंटची केंद्रे येथे आहेत. १९०४ मध्ये स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना आणि खमरिया येथील दारूगोळा कारखाना येथेच आहे. त्याचबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी असलेले सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठही याच शहरात आहे. सैनिक घडविणे, त्याच्या हाती शस्त्र देणे आणि लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावल्यास त्यावरील अपील ऐकणे, ही तिन्ही कामे जेथे चालतात अशी शहरे देशात मोजकीच आहेत.

त्यामुळे आफ्रिकेच्या शिंगावर वसलेल्या सोमालियाच्या संदर्भात गेली तीन दशके विचारला जाणारा एक प्रश्न या शहराला अगदीच परका नाही. मदतीसाठी किंवा शांततेसाठी आलेल्या परकीय सैनिकाने तेथील निरपराध नागरिकाचा जीव घेतला, तर त्याचा जाब कोणी विचारायचा? ज्या भूमीवर गुन्हा घडला त्या देशाने, सैनिक पाठविणाऱ्या देशाने, की ज्यांच्या निळ्या ध्वजाखाली तो उभा होता त्या संयुक्त राष्ट्रांनी?

ग्रेनेडियर्स आणि सोमालीलँड

सोमाली भूमीशी भारतीय सैनिकांचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दरवेशांचे नेते मोहम्मद अब्दुल्ला हसन यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढण्यासाठी १९०१ ते १९०४ या काळात मोहिमा निघाल्या आणि त्यांत ब्रिटिश-भारतीय फौजेच्या पलटणीही होत्या. जानेवारी १९२० मध्ये झालेल्या शेवटच्या मोहिमेत ब्रिटिशांनी प्रथमच तेथे बारा विमाने आणली आणि दरवेशांच्या तळांवर बॉम्ब टाकले. जमिनीवरील तुकड्यांमध्ये १०१ व्या ग्रेनेडियर्सचे भारतीय जवान होते.

ही पलटण बॉम्बे ग्रेनेडियर्सच्या परंपरेतील. त्याच परंपरेतून आजची ग्रेनेडियर्स रेजिमेंट उभी राहिली असून तिचे केंद्र जबलपुरात आहे. स्वातंत्र्यानंतर या रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचा समावेश ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये झाला आणि गार्ड्सचे केंद्र नागपूरजवळच्या कामठीत आहे. म्हणजे सोमाली भूमीवरील त्या जुन्या मोहिमांचा वारसा महाकोशल आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांतील छावण्यांपर्यंत येतो.

त्या काळात न्यायाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आदेश लंडनचा होता, सैनिक हिंदुस्थानचा होता आणि मरणारा सोमाली पशुपालक हा साम्राज्याच्या दृष्टीने प्रजाजन होता. भारतीय जवानाला आपण कोठे आणि कोणाविरुद्ध लढावे याचा निर्णय करण्याचा अधिकार नव्हता. स्वतंत्र भारताचा सैनिक पुन्हा सोमालियात गेला तो ७० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, आणि तेव्हा परिस्थिती पूर्णपणे बदललेली होती.

मदतीपासून युद्धापर्यंत

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली. टोळीप्रमुखांच्या संघर्षात देश विखुरला आणि त्यावर दुष्काळाचे संकट आले. १९९२ च्या दुष्काळात सुमारे तीन लाख लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. धान्याची जहाजे बंदरात येत होती; परंतु धान्य भुकेल्यांपर्यंत पोहोचण्याआधीच लुटले जात होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३ डिसेंबर १९९२ रोजी ठराव क्रमांक ७९४ संमत करून अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजेला बळाचा वापर करण्याची अनुमती दिली. पुढे मे १९९३ मध्ये ही जबाबदारी ‘युनोसोम-२’ या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेने स्वीकारली.

५ जून १९९३ रोजी मोगादिशूत २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने दोषींना पकडण्याचा ठराव केला आणि शांतिसेना जनरल मोहम्मद फराह ऐदीद यांच्याविरुद्धच्या युद्धात एक पक्ष बनली. १३ जून रोजी पाकिस्तानी सैनिकांनी निदर्शकांच्या जमावावर केलेल्या गोळीबारात अनेक नागरिक ठार झाले. १२ जुलै रोजी अमेरिकी हेलिकॉप्टरांनी ऐदीद समर्थकांची बैठक सुरू असलेल्या घरावर क्षेपणास्त्रे डागली. त्या हल्ल्यातील मृतांची संख्या रेड क्रॉसने ५४ नोंदविली. संतप्त जमावाने त्यानंतर चार परदेशी पत्रकारांची हत्या केली. ३ आणि ४ ऑक्टोबरच्या चकमकीत १८ अमेरिकी सैनिक मरण पावले. ती घटना हॉलिवूडच्या चित्रपटामुळे जगभर पोहोचली. त्याच चकमकीत मारल्या गेलेल्या शेकडो सोमालींची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

किशोराचा मृत्यू आणि कॅनडाची चौकशी

या काळातील सर्वाधिक गाजलेले प्रकरण बेलेद वेन या गावातील आहे. १६ मार्च १९९३ रोजी कॅनडाच्या हवाई छत्री रेजिमेंटच्या छावणीत शिरताना शिदाने अरोने हा १६ वर्षांचा मुलगा पकडला गेला. त्याला रात्रभर मारहाण करण्यात आली आणि त्यातच त्याचा अंत झाला. सैनिकांनी त्याच्यासोबत छायाचित्रे काढून घेतली होती. तीच छायाचित्रे पुढे त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली.

या प्रकरणात एका सैनिकाला सदोष मनुष्यवध आणि छळ या गुन्ह्यांखाली पाच वर्षांची शिक्षा झाली. मुख्य आरोपीने कोठडीत आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यात त्याच्या मेंदूला इजा झाली आणि त्याच्यावर खटला चालू शकला नाही. तथापि, प्रकरण तेथेच थांबले नाही. कॅनडाच्या सरकारने १९९५ मध्ये संपूर्ण रेजिमेंटच बरखास्त केली आणि चौकशी आयोग नेमला. आयोगाच्या १९९७ च्या अहवालाने ठपका काही जवानांपुरता ठेवला नाही. नेतृत्व, शिस्त आणि माहिती दडविण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवले. मात्र आयोगाचे काम सरकारने नियोजित वेळेपूर्वी आटोपते घ्यायला लावले, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे.

इतर देशांचा अनुभव याहून निराशाजनक होता. एका सोमाली मुलाला आगीवर धरल्याच्या छायाचित्रावरून बेल्जियमच्या दोन सैनिकांवर खटला चालला. १९९७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. इटलीत त्याच वर्षी छळाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, चौकशी आयोग बसला आणि दोन जनरलांना पद सोडावे लागले. या सर्व प्रकरणांत पुरावा उजेडात येण्यास छायाचित्रे किंवा पत्रकार कारणीभूत ठरले. पीडिताची तक्रार हे कारण क्वचितच होते.

बैदोआतील भारतीय ब्रिगेड

भारताची ६६ वी स्वतंत्र इन्फन्ट्री ब्रिगेड १९९३ च्या उत्तरार्धात सोमालियात दाखल झाली. सुमारे पाच हजारांच्या या दलाकडे बैदोआ, बारडेरा आणि किस्मायो या भागांसह सुमारे १ लाख ७३ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र सोपविण्यात आले होते. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक प्रदेश. भारतीय जवानांनी धान्याच्या ताफ्यांना संरक्षण दिले, विहिरी खोदल्या, शाळा उभारल्या, फिरते दवाखाने चालविले आणि पशुपालकांच्या जनावरांवर उपचार केले. ज्या समाजात उंट हीच संपत्ती, तेथे जनावरांचा वैद्य बंदुकीपेक्षा अधिक विश्वास मिळवितो, हा या दलाचा अनुभव होता.

या कामाची किंमतही मोजावी लागली. २२ ऑगस्ट १९९४ रोजी बैदोआ ते बालेडोगले मार्गावर दबा धरून केलेल्या हल्ल्यात सात भारतीय जवानांना वीरमरण आले. त्याच महिन्याच्या अखेरीस बैदोआत झालेल्या हल्ल्यात लष्कराचे तीन डॉक्टर मृत्युमुखी पडले. डिसेंबर १९९४ मध्ये नौदलाच्या जहाजांतून ब्रिगेड मायदेशी परतली.

या मोहिमेतील भारतीय दलाच्या संयमाची आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रशंसा झाली. परंतु संयम हा त्या वेळच्या नेतृत्वाचा आणि शिस्तीचा गुण असतो. तो कायद्याची जागा घेऊ शकत नाही. काँगोतील शांतिमोहिमेत भारतीय जवानांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत चौकशीने त्यात प्रथमदर्शनी तथ्य आढळल्याचे म्हटले, तेव्हा ही बाब स्पष्ट झाली. ते प्रकरण पुढील कारवाईसाठी भारताकडेच आले, कारण नियम तसाच आहे.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रे ज्या देशात मोहीम पाठवितात, त्या देशाशी करार करतात. १९९० मध्ये तयार झालेल्या या कराराच्या नमुन्यानुसार शांतिसेनेतील लष्करी जवानाने केलेल्या गुन्ह्यावर खटला चालविण्याचा अधिकार फक्त त्याच्या मायदेशाला असतो. यजमान देशाचे पोलीस त्याच्यावर आरोपपत्र दाखल करू शकत नाहीत. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे फौजदारी न्यायालय नाही. ती चौकशी करू शकतात, जवानाला परत पाठवू शकतात आणि २०१६ च्या ठराव क्रमांक २२७२ नुसार संपूर्ण तुकडीही मागे घेण्याचा निर्णय करू शकतात. शिक्षा देणे त्यांच्या हाती नाही.

नुकसानभरपाईलाही मर्यादा आहे. महासभेच्या १९९८ च्या ठरावानुसार इजा किंवा मृत्यूसाठीची कमाल रक्कम सामान्यतः ५० हजार डॉलर ठरविण्यात आली असून युद्धकारवाईच्या गरजेतून झालेली हानी सहसा तिच्या कक्षेबाहेर राहते.

भारतीय जवानाच्या बाबतीत १९५० चा लष्कर कायदा लागू होतो. या कायद्याच्या कलम ७० नुसार देशांतर्गत शांततेच्या काळात जवानाने नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा नागरिकावर बलात्कार केल्यास तो खटला लष्करी न्यायालयात न चालता सामान्य न्यायालयात चालतो. मात्र गुन्हा भारताबाहेर घडला किंवा जवान प्रत्यक्ष सेवेवर असताना घडला, तर लष्करी न्यायालयाला तो चालविता येतो. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिताही लागू आहे. परंतु त्या खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक असते.

लष्करी न्यायालयाच्या निकालावर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात दाद मागता येते. जबलपूरचे खंडपीठ हे त्याचेच अंग. या व्यवस्थेमुळे जवानाच्या हक्कांचे रक्षण निश्चितच अधिक भक्कम झाले. परंतु समुद्रापार राहणाऱ्या, भाषा न जाणणाऱ्या आणि वकील न परवडणाऱ्या पीडित कुटुंबाला खटला सुरू झाला की नाही, हे कळण्याचीही खात्री नसते.

जखम अद्याप ताजी

१९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची फौज परतली. सोमालियातील परकीय सैन्याची ये-जा मात्र थांबली नाही. डिसेंबर २००६ मध्ये इथिओपियाच्या सैन्याने प्रवेश केला आणि दोन वर्षे मोगादिशूच्या वस्त्यांवर झालेल्या तोफमाऱ्याबद्दल मानवाधिकार संघटनांनी गंभीर अहवाल प्रसिद्ध केले. २००७ पासून आफ्रिकी महासंघाचे दल तैनात आहे. २०२५ च्या प्रारंभी त्याचे तिसरे रूप अस्तित्वात आले. या दलातील सैनिकांकडून महिलांच्या शोषणाच्या घटना २०१४ मध्ये उजेडात आल्या. अमेरिकी हवाई हल्ल्यांत नागरिक मरण पावत नाहीत, असा दावा दीर्घकाळ केला जात होता. एप्रिल २०१९ मध्ये एका वर्षापूर्वीच्या हल्ल्यात एक महिला आणि एक बालक मरण पावल्याची कबुली अमेरिकेच्या आफ्रिका कमांडने प्रथमच दिली.

अल-शबाब या दहशतवादी संघटनेची क्रूरता यामुळे कमी ठरत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोगादिशूतील एका ट्रकस्फोटात पाचशेहून अधिक लोकांचे प्राण गेले. तथापि, दहशतवाद्यांकडून कोणी न्यायाची अपेक्षा करीत नाही. संरक्षणासाठी आलेल्याकडून मात्र करतो. त्यामुळे परकीय सैनिकाचा प्रत्येक न सुटलेला गुन्हा दहशतवाद्यांच्याच प्रचाराला बळ देतो.

या अंधारात एक उदाहरण वेगळे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लोअर शाबेल्ले प्रांतातील गोलवेन येथे युगांडाच्या सैनिकांनी सात नागरिकांना ठार केले. प्रारंभी मृत हे दहशतवादी असल्याचे सांगण्यात आले. परंतु चौकशीत ते निरपराध ठरले. युगांडाने आपले लष्करी न्यायालय मोगादिशूतच भरविले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दोघांना मृत्युदंड, तर तिघांना ३९ वर्षांची शिक्षा ठोठावली. शिक्षेच्या स्वरूपाबद्दल मतभेद असू शकतात. पण कायदा न बदलता, केवळ न्यायालय घटनेच्या देशात नेल्याने मृतांच्या नातलगांना न्याय आपल्या समोर होताना पाहता आला.

भारताने आजवर विविध शांतिमोहिमांमध्ये २ लाख ९० हजारांहून अधिक सैनिक पाठविले आहेत आणि नवी दिल्लीत २००० पासून त्यांच्या प्रशिक्षणाचे केंद्र कार्यरत आहे. सैनिक पाठविणाऱ्या अग्रगण्य देशांत गणना होणाऱ्या राष्ट्राचा शब्द या विषयात वजनदार ठरतो. घटनास्थळाच्या देशात सुनावणी, पीडित कुटुंबाला निकालाची लेखी माहिती आणि भरपाईची सुलभ प्रक्रिया या तीन गोष्टींसाठी फार मोठ्या कायदेबदलाची आवश्यकता नाही. सैनिकाच्या अपिलासाठी जबलपुरात एक दार उघडे आहे. बेलेद वेन किंवा गोलवेनमधील आईसाठी तसे दार कोणत्या देशात आणि कोणत्या भाषेत उघडणार, याचे उत्तर सैनिक पाठविणाऱ्या देशांनीच द्यावयाचे आहे.