न आलेल्यांची यादी

आलेल्या रुग्णाची नोंद प्रत्येक दवाखाना ठेवतो. केसपेपर निघतो, क्रमांक पडतो आणि महिन्याच्या अखेरीस आकडा वर पाठवला जातो. पण जी बाई दवाखान्यात आलीच नाही, तिची नोंद कुणाच्या वहीत असते? सोलापूर जिल्ह्याच्या आरोग्याबद्दल बोलताना हा प्रश्न क्वचितच निघतो. चर्चा होते ती खाटा, यंत्रे आणि रिक्त पदांची. हे विषय खोटे नाहीत. 2011 च्या जनगणनेनुसार 43 लाखांवर लोकसंख्या, 11 तालुके आणि करमाळ्याच्या किंवा माळशिरसच्या टोकाकडून शंभर किलोमीटरहून लांब असलेले सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल, असा हा जिल्हा आहे. 1963 साली इथे वैद्यकीय महाविद्यालय आले, पुढे सहकारी तत्त्वावरचे अश्विनी रुग्णालय उभे राहिले, आणि शेजारच्या जिल्ह्यांतले रुग्णही सोलापूरची वाट धरू लागले. तरीही ग्रामीण आरोग्याची खरी परीक्षा इमारतीत होत नाही, असे माझे म्हणणे आहे. व्यवस्थेकडे न आलेल्यांची यादी आहे का आणि ती यादी घेऊन कुणी दारोदार जाते का, यावर ती ठरते. याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. तो याच जिल्ह्यात, बार्शीत आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कार्यक्रमातून 1987 साली बार्शीत कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येची ही देशातली पहिली कर्करोग नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावे तिच्या कक्षेत होती. मुंबईत अशी नोंदणी 1963 पासून चालू होती, पण तिथली रीत इथे लागू पडणारी नव्हती. शहरात नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये आणि प्रयोगशाळा फिरतात, तिथली कागदपत्रे चाळतात आणि रुग्ण मोजतात. खेड्यात चाळायला कागदच नव्हते. बाईच्या अंगावरून पांढरे किंवा लाल जात असले, तर ती गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर पडत नसे. निदानाआधीच मृत्यू आला तर कारण म्हणून ‘आजारी होती’ एवढेच उरे. म्हणून डॉ. बी. एम. नेने, कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतच उलटी केली. कर्मचारी गावोगाव जायचे, लोकांना जमवून कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये ते सांगायचे, संशयित रुग्णाला तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयापर्यंत आणायचे आणि ठरावीक काळाने पुन्हा त्याच गावात जायचे. मोजणी आणि सेवा ही दोन कामे इथे वेगळी राहिलीच नाहीत. रुग्ण मोजायचा तर आधी शोधावा लागे, आणि शोधायचा तर लोकांशी बोलावे लागे.

या फेऱ्यांतून दोन गोष्टी समोर आल्या. पहिली अशी, की इथले कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी होते. मात्र स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. कमी आकडा पाहून कुणीही म्हणेल की खेड्यातले रुग्ण निसटले असतील. शंका रास्त आहे, पण एवढे दार ठोठावूनही आकडा कमीच राहतो, तेव्हा तो केवळ निष्काळजीपणाचा परिणाम मानता येत नाही. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक मोलाची. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते, की फेऱ्या सुरू झाल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागले. त्यासाठी कुठलीही नवी चाचणी आली नव्हती. गावात येऊन बोलणारे माणूस तेवढे आले होते.

पुढचा टप्पा याच पायावर उभा राहिला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 497 गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, 52 गाव-समूह आणि चार गट. एका गटाची या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप पद्धतीने, तिसऱ्याची सौम्य अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने. चौथ्या गटाला नेहमीची सेवा मिळत राहिली. निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. एचपीव्ही गटात 34,126 स्त्रिया होत्या, तपासणी न झालेल्या गटात 31,488. एचपीव्ही गटात 127 जणींना कर्करोग आढळला, तपासणी न झालेल्या गटात 118 जणींना. म्हणजे रुग्णांची संख्या जवळपास सारखीच. फरक पुढे आहे: पुढच्या टप्प्याला गेलेले रुग्ण एचपीव्ही गटात 39 आणि तपासणी न झालेल्या गटात 82, मृत्यू 34 आणि 64. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ‘खेड्यातल्या बायका अशा तपासणीला येतच नाहीत’ हे पालुपद अजूनही ऐकू येते. एचपीव्ही गटातल्या दर दहापैकी जवळपास आठ जणी आल्या होत्या. त्यांना कुणीतरी नाव घेऊन बोलावले होते.

या अभ्यासावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. ज्या रोगाची तपासणी जगात उपलब्ध आहे, त्या रोगासाठी हजारो गरीब स्त्रियांना विनातपासणी ठेवणे नैतिक होते का? उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतल्या अशा तीन अभ्यासांत मिळून तपासणी न झालेल्या गटांतल्या 254 स्त्रिया या रोगाने दगावल्या. संशोधकांचे उत्तर असे, की देशातली नेहमीची सेवा म्हणजे कोणतीच तपासणी नाही, हेच तेव्हाचे वास्तव होते. हे उत्तर मला वस्तुस्थिती म्हणून पटते, समर्थन म्हणून पटत नाही. पण हाच आक्षेप सरळ आजच्या व्यवस्थेवरही लागू होतो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या 2 टक्क्यांहूनही कमी निघाल्या. अभ्यास संपून दहा वर्षे झाल्यावरही जवळजवळ अख्खा देश त्या चौथ्या गटातच राहिला, आणि या वेळी त्यांच्या मृत्यूंची मोजदाद करणारेही कुणी नव्हते.

असे का झाले, याचे प्रचलित उत्तर पैसा हे आहे. एचपीव्ही चाचणी महाग, म्हणून 2016 च्या केंद्रीय आराखड्यात अॅसिटिक आम्लाची स्वस्त पद्धत स्वीकारली गेली. त्यात वावगे काही नाही. मात्र उस्मानाबादच्या अभ्यासात हीच पद्धत एका फेरीत वापरली असता मृत्यू लक्षणीय घटले नव्हते, आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत वापरली तेव्हा ते 31 टक्क्यांनी घटले. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती हे मान्य. तरी स्वस्त चाचणी घ्यायची तर फेऱ्या वाढवाव्या लागतात, एवढे यातून कळते. आपण चाचणी उचलली आणि फेरी सोडून दिली. फेरीच्या जागी शिबिर आले. शिबिराला मांडव असतो, फलक असतो, उद्‌घाटक असतो आणि ‘लाभार्थ्यांचा’ आकडा असतो. त्यात कोण आले नाही हे सांगणारा रकाना नसतो. विमा योजनेचेही तेच. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. या योजनेने असंख्य कुटुंबांना कर्जापासून वाचवले असेल, पण तिचा दरवाजा निदान झाल्यावर उघडतो. रोग उशिरा सापडला, तर योजना उशिराच्याच उपचाराचे पैसे भरते.

आणि तपासणारे कुणी गावात येत नसले, की ती जागा रिकामी राहत नाही. जवळच्या बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे 82,000 स्त्रियांपैकी 13,000 हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ओटीपोटात दुखते, पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. फडावर एक खाडाही परवडत नाही, म्हणून बायकांनी ते मानले. कर्करोगाची भीती गावात पोहोचली होती, तपासणी पोहोचली नव्हती. साध्या चाचणीने ज्या भीतीचे निरसन झाले असते, तिच्यावर शस्त्रक्रियेचा धंदा चालला.

व्यवहारी माणसाचा एक आक्षेप उरतो. हे सगळे प्रकल्पाच्या पैशावर जमले; सरकारी यंत्रणेत ते कोण करणार? आशाताईंच्या डोक्यावर आधीच ढीगभर नोंदवह्या आहेत, कामागणिक मिळणारा मोबदलाही वेळेवर येत नाही, त्यासाठी संप करावे लागतात. हे खरे आहे, म्हणून आणखी एक वही त्यांच्या हाती फुकट देणे हा अन्याय ठरेल. पण सरकारी यंत्रणेला हे जमत नाही, हे मात्र खरे नाही. पल्स पोलिओत याच यंत्रणेने घरोघर जाऊन दारावर खडूने खुणा केल्या, राहिलेली घरे वेगळी काढली आणि तिथे पुन्हा गेली. 2011 नंतर देशात रानटी पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही. शिवाय एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते आणि रोज फेरीची गरज नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या शिफारशीनुसार तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एक चाचणी पुरते. गावात तीस ते पासष्ट वयाच्या बायका किती, हे आशाताईंच्या सर्वेक्षणात आधीच आलेले असते. त्या नावांपुढे एक रकाना आणि त्या कामाचा नेमका मोबदला, एवढेच जोडायचे आहे. तपासणीत काही आढळले तर पुढचा उपचार ठरलेला हवा, नाहीतर यादी म्हणजे नुसती भीतीची वही होईल. बार्शीत हे साधले, कारण शोधणारे आणि उपचार करणारे एकाच संस्थेचे होते.

सोलापूर जिल्ह्याला यासाठी नवी इमारत लागत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने दर सहा महिन्यांनी ग्रामसभेत दोनच आकडे वाचून दाखवावेत: आपल्या गावात तिशी ओलांडलेल्या स्त्रिया किती, आणि त्यांपैकी एकदाही तपासणी न झालेल्या किती. नावे जाहीर करू नयेत, ती आशाताईंकडेच राहावीत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती गावोगाव कागदावर आहेच. तिच्या पुढच्या बैठकीत दुसरा आकडा मागा, आणि तो मिळेपर्यंत इतिवृत्तावर सही करू नका.